मक्यातलं तण आणि पालकाच्या चकत्या : प्रकल्प नोंदी

२६ जून
दोन दिवस गावी होतो. मक्याची टोकण झाली आणि लगेच दुसऱ्या दिवशी ॲट्राझिन हे तणनाशक मारून झालं. पंप धुताना अण्णांनी विचारलं, "तण उगवूच नये म्हणून औषध मारायचं, आन त्ये तर उगवतंयच. दोन पानांवर येतंय, हिरवंगार दिसतंय, मग ऊन पडलं की करपतंय. मारायचंच तर बी असतानाच का मारत न्हाई? तुमच्या कॉलेजात सांगत्यात का ह्ये?"

सांगत नाहीत. आमच्या नोट्समध्ये ॲट्राझिनवर एकच ओळ आहे: 'प्रकाशसंश्लेषण रोखते.' परीक्षेला तेवढी पुरते, अण्णांना पुरली नाही.

२८ जून
शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आमचा तिघांचा गट. मी, एक हॉस्टेलवाला, आणि रोज एसटीने येणारी एक. विषय 'प्रकाशसंश्लेषण' म्हटल्यावर मॅडम म्हणाल्या, "सातवीचा विषय बीएस्सीला आणलात?" मग अण्णांचा प्रश्न सांगितला. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "तण का मरतं ते नंतर. आधी पान उजेडाचं काय करतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पाठ केलेलं नको."

२ जुलै
सुरुवात हायड्रिला या पाणवनस्पतीने. एसटीवालीने गावच्या तळ्यातून पिशवीभर आणला. चंचुपात्रात उलटं नरसाळं, त्यावर परीक्षानळी, समोर १०० वॅटचा जुना पिवळा दिवा. देठातून बुडबुडे यायला लागले आणि आम्ही मिनिटाला किती ते मोजायला बसलो. पहिल्या मिनिटाला ११, दहाव्याला २६. आम्ही खूश.

मॅडमनी उकळून मेलेली एक काडी दुसऱ्या पात्रात टाकायला लावली. तिच्यावरही बुडबुडे! दिव्याच्या उष्णतेने पाणी तापत होतं आणि पाण्यात विरघळलेली हवाच बाहेर पडत होती. आमच्या २६ मध्ये झाडाचे किती आणि दिव्याचे किती, कोण सांगणार?

जगदीशचंद्र बोस यांनी हायड्रिलाच्या याच बुडबुड्यांवर कलकत्त्यात स्वयंनोंद यंत्र बसवलं होतं आणि १९२४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला होता. उन्हाळ्यातला हायड्रिला वेगळा वागतो हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांच्यासमोर आपण कोण. आमच्याकडे यंत्र नाही आणि मोजताना डुलकी लागते. हायड्रिला तळ्यात परत.

५ जुलै
आता पालकाच्या चकत्या. पद्धत स्वस्त आहे. कागद पंच करायच्या मशीनने पानाच्या गोल चकत्या पाडायच्या, शिरा टाळून. ५०० मिली पाण्यात एक ग्रॅम खायचा सोडा, भांड्याच्या साबणाचा एक थेंब. हे पाणी आणि दहा चकत्या २० मिलीच्या सिरिंजमध्ये घ्यायच्या, तोंड बोटाने दाबायचं आणि दट्ट्या मागे ओढायचा. पानाच्या आतल्या पोकळ्यांतली हवा निघून जाते, तिथे पाणी शिरतं आणि चकत्या बुडतात. मग उजेडात ठेवायच्या. आत ऑक्सिजन साचला की एकेक चकती वर येते. बुडबुडे मोजण्यापेक्षा तरंगलेल्या चकत्या मोजणं सोपं.

चाळीस मिनिटं बसलो. एकही चकती हलली नाही. उलट पानं काळपट हिरवी, लिबलिबीत झाली.

६ जुलै
लॅबच्या मामांनी डबा बघून विचारलं, "ह्यात कपडे भिजवायचेत काय?" आम्ही धुण्याचा सोडा वापरला होता! तो इतका अल्कधर्मी असतो की चकत्या त्यात शिजल्यासारख्याच झाल्या. ही चूक पूर्णपणे माझी. डब्यावर चिठ्ठी नव्हती आणि मी वास घेऊन ठरवलं होतं. (सोड्याला वास नसतो हेही यानिमित्ताने कळलं.)

खायचा सोडा आणला. एलईडी बल्ब, २३ वॅट, पात्रापासून १५ सेंमी. चौथ्या मिनिटाला एक चकती कडेवर उभी राहिली, डगमगली आणि वर आली. सातव्या मिनिटाला पाच वर, बाराव्याला दहाच्या दहा. हॉस्टेलवाल्याने शिट्टी मारली, मॅडमनी डोळे मोठे केले.

त्याच दिवशी सोडा न घालता, उकळून गार केलेल्या पाण्यातही करून पाहिलं. उकळल्यावर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. उजेड तोच, पान तेच, पण अर्ध्या तासात एकच चकती वर.

११ जुलै
बल्बचं अंतर बदलून पाहिलं. दहापैकी पाच चकत्या वर यायला लागलेला वेळ असा: ६० सेंमीवर २९ मिनिटं, ३० वर १२, १५ वर ७. मग उत्साहाने ८ सेंमीवर आणला. तरी ७. परत केलं, साडेसात.

उजेड वाढला पण वेग वाढला नाही. फ्रेडरिक ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये मांडलेला मर्यादाकारक घटकांचा मुद्दा हाच. जे सर्वांत कमी पडतं त्याच्या तालावर सगळं काम चालतं. आणि यातून दुसरीही गोष्ट निघते. उजेडावर चालणारा एक टप्पा आणि त्यामागे उजेडाशी थेट संबंध नसलेला, रसायनांच्या आपल्या गतीने चालणारा दुसरा टप्पा, असे दोन टप्पे असले पाहिजेत. पहिला कितीही पळाला तरी दुसरा घेईल तेवढंच.

मग ८ सेंमीवर जास्तीचा पडणारा उजेड जातो कुठे? हा प्रश्न वहीत चौकट करून लिहिला.

१३ जुलै
प्रयोगाच्या मधेच लाईट गेली. पाऊस धो धो, लॅबमध्ये मिट्ट काळोख. पाऊण तासाने मोबाइलच्या बॅटरीत पाहिलं तर वर आलेल्या चकत्यांपैकी सहा पुन्हा तळाला! पानही श्वास घेतं. उजेड नसला की साठवलेला ऑक्सिजन स्वतःच खातं. हे शाळेपासून माहीत होतं, पण चकती बुडताना पाहिल्यावर पटलं. लाईट आल्यावर त्याच चकत्या पुन्हा चढल्या.

१९ जुलै
जिलेटीनचे रंगीत कागद लावून पाहिलं. निळा आणि लाल बरा, हिरवा सर्वांत हळू. पण हिरव्यातही चकत्या वर आल्याच. 'पान हिरवा प्रकाश परत पाठवतं, म्हणून तो निरुपयोगी' असं आपण लिहितो ते अर्धवट आहे. पान हिरव्या प्रकाशाचाही बराच मोठा भाग शोषतं, थोडा परत फेकतं, आणि आपल्याला तो थोडाच दिसतो. शिवाय दुकानातला कागद कुठला रंग किती गाळतो हे मोजायचं साधन आमच्याकडे नाही. या आकड्यांचा आलेख काढणार नाही.

२४ जुलै
आजचा दिवस वसूल. पालक वाळूबरोबर खलात घोटला, स्पिरिटमध्ये गाळला. बाटलीत गडद हिरवा रस. खोलीत अंधार केला आणि नोटा तपासायची जांभळी टॉर्च मारली. रस लाल दिसायला लागला. रक्तासारखा नाही, विझत्या निखाऱ्यासारखा. मामा दारातून म्हणाले, "ह्ये काय भानामती लावलीय?"

मग टॉर्च तशीच पालकाच्या ताज्या पानावर मारली. जवळपास काहीच नाही.

यात सगळी गोष्ट आहे, म्हणून सविस्तर लिहितो. हरितद्रव्याच्या रेणूवर प्रकाशकण आदळला की त्यातला एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी घेतो. निळा किंवा जांभळा प्रकाशकण जास्त ऊर्जेचा, त्यामुळे उडी उंच. पण इलेक्ट्रॉन तिथे टिकत नाही. जास्तीची ऊर्जा उष्णता म्हणून सांडून तो लगेच खालच्या पायरीवर येतो, आणि तिथून जमिनीवर यायचं तर हातातली ऊर्जा कुणालातरी द्यावी लागते. बाटलीत घेणारा कोणी नाही. रेणू पानातल्या जागेवरून सुटलेले, स्पिरिटमध्ये सैरभैर. म्हणून ऊर्जा पुन्हा उजेड होऊन बाहेर पडते, आणि पायरी छोटी म्हणून तो उजेड लाल. याला फ्लुरोसन्स म्हणतात. सुट्या हरितद्रव्याने शोषलेल्या उजेडापैकी जवळजवळ तीस टक्के असा परत येतो. पानात शंभरातला एक-दोनच.

कारण पानात घेणारा शेजारी बसलेला असतो. हरितलवकाच्या आतल्या पापुद्र्यांवर दोनशे-तीनशे रेणू एका केंद्राभोवती दाटीवाटीने बसवलेले असतात. ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे जात केंद्रापर्यंत पोचते आणि तिथे खरा व्यवहार होतो. केंद्रातला रेणू ऊर्जा पुढे देत नाही, इलेक्ट्रॉनच देऊन टाकतो. उजेडाचं रसायन होतं ते या क्षणी. त्यानंतरचं सगळं हा इलेक्ट्रॉन परत घरी येऊ नये म्हणून केलेली व्यवस्था आहे.

एमर्सन आणि आर्नल्ड यांनी १९३२ मध्ये शैवालावर अतिशय छोटे प्रकाशझोत सोडून मोजलं, तर एका झोतात साधारण अडीच हजार हरितद्रव्य रेणूंमागे ऑक्सिजनचा एकच रेणू सुटत होता. तेव्हा लोकांना ते विचित्र वाटलं. रेणूंची टोळी मिळून काम करते हे त्यावरून पुढे कळत गेलं.

३० जुलै
वाचन. इलेक्ट्रॉन गेला, मग केंद्रातली रिकामी जागा भरतो कोण? पाणी. मँगॅनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक, अशा छोट्या गठ्ठ्यात पाण्याचे दोन रेणू फुटतात. चार इलेक्ट्रॉन एकेक करून निघतात आणि ऑक्सिजन उरतो. आमच्या चकत्या ज्याने तरंगतात तो ऑक्सिजन म्हणजे या व्यवहाराचा भुस्सा. तो कार्बन डायऑक्साइडमधून येतो असं बरीच वर्षं मानलं जात होतं. रूबेन, केमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये जड ऑक्सिजन (१८ वजनाचा) पाण्यात घालून दाखवलं की तो पाण्यातून येतो.

पुढचा प्रवास: पहिल्या केंद्रातून (त्याचं नाव फोटोसिस्टिम दोन, क्रमांक शोध लागला त्या क्रमाने, कामाच्या क्रमाने नव्हे, आणि याने दर वर्षी पोरं फसतात) इलेक्ट्रॉन क्यू-ए नावाच्या जागेवर, तिथून क्यू-बी या जागेवर. क्यू-बीवर बसणारा प्लास्टोक्विनोन रेणू म्हणजे सुटी खेप नेणारा हमाल. दोन इलेक्ट्रॉन घेतले की जागा सोडतो आणि पुढे जातो. मग सायटोक्रोम (मधलं एक प्रथिन), मग फोटोसिस्टिम एक, तिथे प्रकाशाचा दुसरा धक्का, आणि शेवटी एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन पुढे वाहून नेणारा रेणू). वाटेत प्रोटॉन पापुद्र्याच्या आत साचतात आणि बाहेर पडताना एक रेणूयंत्र फिरवतात, त्यातून एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन). धरणाचं पाणी आणि टर्बाइन. जेगनडॉर्फ आणि उरिबे यांनी १९६६ मध्ये हरितलवकातले पापुद्रे अंधारात आधी आम्लात मुरवले, मग अल्कात टाकले. उजेडाचा एक कण न देता एटीपी तयार झालं. सगळं वाचताना मला हा प्रयोग सर्वांत आवडला.

एक कार्बन डायऑक्साइड साखरेच्या वाटेला लावायला तीन एटीपी आणि दोन एनएडीपीएच. त्यासाठी कमीत कमी आठ प्रकाशकण.

आणि ॲट्राझिन? ते क्यू-बीच्या जागेवर जाऊन बसतं. हमालाची जागा अडवली, बस्स. अण्णांना हे सांगायचं म्हणून मुद्दाम हमाल लिहिलाय.

१ ऑगस्ट
घरामागे सहा कुंड्या भरल्या, एकाच रानातली माती. चारांत तण म्हणून माठाचं बी, दोनांत मका. माठाच्या दोन कुंड्यांवर आणि मक्याच्या एका कुंडीवर ॲट्राझिन, डब्यावरच्या प्रमाणाने. माठाची औषधाची एक आणि बिनऔषधाची एक उन्हात, तशीच दुसरी जोडी पडवीच्या आतल्या अंधुक कोपऱ्यात. मक्याच्या दोन्ही उन्हात. पाणी घालायचं काम आईकडे. ती म्हणाली, "तण वाढवायला पाणी घालणारं घर आपलंच."

८ ऑगस्ट
हिल यांची अभिक्रिया. रॉबर्ट हिल यांनी १९३७ मध्ये दाखवलं की पानातून काढलेले सुटे हरितलवक, कार्बन डायऑक्साइड नसतानाही, इलेक्ट्रॉन घेणारं काहीतरी दिलं तर उजेडात ऑक्सिजन सोडतात. आम्ही घेणारा म्हणून डीसीपीआयपी हा निळा रंग दिला. इलेक्ट्रॉन मिळाले की तो रंगहीन होतो.

सगळं थंड लागतं. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला. पालक थंड साखरपाण्यात वाटून फडक्यातून गाळला, अपकेंद्री यंत्रात फिरवला, तळाचा हिरवा गाळ घेतला. तीन नळ्या. उजेडातली सहा मिनिटांत निळीची हिरवी झाली. फॉइल गुंडाळलेली तशीच निळसर. तिसरीत ॲट्राझिनचं पाणी, तीही उजेडात, तरी निळसर.

पहिल्या खेपेला तिन्ही निळ्याच राहिल्या होत्या, कारण बर्फ संपल्यावर गाळ अर्धा तास टेबलावर पडून होता. हरितलवक दुधासारखे नासतात.

अंधार आणि ॲट्राझिन, दोघांचा परिणाम नळीत अगदी एकसारखा दिसला. एसटीवाली म्हणाली, "मग तण अंधारात ठेवल्यासारखं उपाशी मरत असणार." तेव्हा आम्हा तिघांनाही पटलं.

१४ ऑगस्ट
ॲट्राझिनच्या पाण्यात मुरवलेल्या चकत्या, १५ सेंमीवर, एक तास. दहापैकी शून्य.

मग निळी टॉर्च, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लाल जिलेटीनचे तीन पदर, खोलीत अंधार. साध्या चकत्या आणि औषधातल्या चकत्या शेजारी शेजारी. औषधातल्या जास्त लाल चमकत होत्या. फरक थोडा होता. मी सांगतोय म्हणून दिसतोय की काय अशी शंका आली, म्हणून मामांना काही न सांगता बोलावलं. त्यांनी बरोबर बोट ठेवलं.

बाटलीतल्या रसाची गोष्ट पानात परत आली. पुढची जागा अडली की केंद्र इलेक्ट्रॉन देऊ शकत नाही. ऊर्जा मागे तुंबते, काही लाल होऊन सांडते. अंधारातलं पान आणि औषधातलं पान यांत फरक इथे आहे. अंधारात पुढची वाट उघडी, पण येणारंच काही नाही. औषधात वाट बंद, आणि उजेड मात्र कोसळतोच आहे.

वापरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, कॅनमध्ये, वर चिठ्ठी. मॅडमनी दोनदा बजावलं. ॲट्राझिन जमिनीतून भूजलात उतरतं. युरोपीय संघाने याच कारणाने ते बंद केलं.

२२ ऑगस्ट
कुंड्या. माठ चारही कुंड्यांत सारखाच उगवला. बी रुजताना, कोंब वर येताना खर्च होतो तो बियाण्यातला साठा. उजेडाचं यंत्र तेव्हा चालूच नसतं, मग औषध अडवणार काय? दोन पानं उघडली, हिरवी झाली, यंत्र सुरू झालं आणि मग सापडली. अण्णांच्या प्रश्नाचा पहिला भाग सुटला.

दुसरा भाग उन्हाचा. उन्हातली औषधाची रोपं पिवळी पडून कडेने करपली. पडवीतली औषधाची रोपं किडकिडीत, फिकट, पण करपलेली नाहीत. उपासमारच मारत असती तर पडवीतली आधी मरायला हवी होती, कारण तिथे उजेडही कमी. म्हणजे ८ तारखेचा आमचा तर्क चुकला. तुंबलेली ऊर्जा सगळी लाल होऊन निघून जात नाही. काही हरितद्रव्य जास्त वेळ उत्तेजित राहतं आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतं. तो ऑक्सिजन माजतो आणि पापुद्र्यांतली चरबी जाळत सुटतो. पान भुकेने मरायच्या आधी त्याच्यावर पडलेल्या उजेडानेच जळतं.

११ जुलैची चौकट इथे खोडली. ८ सेंमीवर जास्तीचा उजेड निरोगी पानालाही पेलवत नाही, पण त्याच्याकडे तो उष्णता करून सोडून द्यायची सोय असते. औषधाच्या रोपातली तुंबण त्या सोयीला आवरत नाही.

मका ठणठणीत. क्यू-बी त्याच्याकडेही आहे आणि ॲट्राझिन तिथेही बसलं असतं. पण मका ते जागेवर पोचायच्या आधीच ग्लुटाथायोन या आपल्या पेशीतल्या रेणूला बांधून निकामी करतो. माठाला ते जमत नाही.

औषधाच्या उन्हातल्या कुंडीत एक रोप मात्र कोपऱ्यात हिरवंच आहे.

२५ ऑगस्ट
अण्णांना कुंड्या दाखवल्या. हमालाची जागा अडवली की गाडीत माल तुंबतो आणि तुंबलेल्या मालाला आग लागते, इथपर्यंत त्यांनी न थांबवता ऐकलं. मग पडवीतल्या कुंडीपाशी बसले.

"म्हंजी ढगाळ असलं की त्ये मरायला येळ लावणार."

"हो."

"आरं मग मी जुलैत आठ दिवस पाऊस लागला तवा तण हिरवंच दिसतंय म्हणून दुसऱ्यांदा मारलं की! त्ये वायाच गेलं म्हण."

मी गप्प बसलो. आई आतून म्हणाली, "आधी पोराला विचारलं असतं तर."

२८ ऑगस्ट
त्या हिरव्या रोपाने दोन दिवस झोप उडवली होती. ॲट्राझिनला न जुमानणारं तण असतं. १९७० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातून अशा तणाची पहिली नोंद आली. पुढे कळलं की अशा बऱ्याच तणांत क्यू-बीची जागा बनवणाऱ्या प्रथिनात २६४ क्रमांकाला सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ग्लायसीन आलेलं असतं. एवढ्या एका बदलाने औषधाला बसायला जागा उरत नाही. अशा रोपाचं प्रकाशसंश्लेषण थोडं मंद चालतं, पण औषधाच्या रानात त्याला विचारतो कोण.

हॉस्टेलवाल्याने तर शोधनिबंधाचं शीर्षकही ठरवलं होतं.

रोपाची चार पानं, आठ चकत्या. चार साध्या पाण्यात, चार ॲट्राझिनच्या, दोन्हींत सोडा आणि साबण. साध्या पाण्यातल्या नवव्या मिनिटापर्यंत चारही वर. ॲट्राझिनमधल्या एक तासानंतरही तळाला. म्हणजे रोप साधंच होतं. फवारताना कुंडीचा तो कोपरा माझ्या हातून सुटला होता.